वरातीमागून भुंगा

आमच्या म्हार्दोळच्या घरी सोप्यावरच्या उजवीकडून तिसऱ्या वाशाला एक भोक आहे. करंगळी जाईल एवढे, कंपासने आखल्यासारखे गोल. रोज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या सुमाराला त्यातून एक काळाकुट्ट, निळसर पंखांचा भुंगा बाहेर पडतो. खाली पिवळा भुसा सांडतो आणि तो झाडताना आई भुंग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मातीचा गोळा कोंबून भोक लिंपून टाकायचे, असे तिचे ठरलेच होते. "थांब गं, आधी त्याचा उडतानाचा फोटो काढतो," असे मी बोलून बसलो. त्याला आता तीन महिने झाले.

हाताने हे जमणार नाही, हे पहिल्याच रविवारी कळले. डोळ्याने मेंदूला सांगेपर्यंत आणि मेंदूने बोटाला हलवेपर्यंत भुंगा पोफळींच्या कुळागरात. म्हणून सेन्सर मागवला. एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडायचा, समोर तो झेलणारा रिसीव्हर ठेवायचा. मध्ये काही आडवे आले की कॅमेरा आपोआप वाजतो. कल्पना जुनीच आहे. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीवर आडवे दोरे ताणून 12 कॅमेरे ओळीने लावले होते. घोडा दोरे तोडत धावला आणि एकेक फोटो निघत गेला. हे वाचताना मी घोडाच तेवढा पाहिला, त्यामागची खटपट पाहिली नाही.

पहिल्या दिवशी आठ वाजता ऊन थेट रिसीव्हरवर आले. उन्हातही इन्फ्रारेड असतेच, त्यामुळे रिसीव्हर पार दिपला आणि कॅमेरा जो सुटला तो थांबेना. मी आंघोळीला गेलो होतो. परत येईपर्यंत एकाच वाशाचे चारशे बारा फोटो. उपाय म्हणून पपईच्या पानाचा देठ कापून त्याची नळी रिसीव्हरला चढवली. आडवे ऊन अडले, मी स्वतःवर खूश. तिसऱ्या दिवशी देठ सुकून वाकला आणि रिसीव्हर तुळशीकडे बघू लागला. शेवटी काळ्या कागदाच्या नळीवर आलो.

मग खरे दुखणे कळले. किरण तुटत होता, कॅमेरा वाजत होता, फोटोत मात्र भुंगा नव्हता. माझ्या कॅमेऱ्यात आधी आरसा उचलला जातो, मग पडदा उघडतो. या सगळ्या मानपानात साधारण 70 मिलिसेकंद जातात. भुंगा सेकंदाला तीन मीटर जात असेल, असे धरले तरी तेवढ्यात तो 21 सेंटिमीटर पुढे, म्हणजे जवळजवळ वीतभर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. नुकताच भुंगा होऊन गेलेल्या हवेचे इतके फोटो फोंडा तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नसावेत. काही अगदी स्पष्ट आलेत.

त्यावर तोड म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायचे वेगळे, झटपट उघडणारे शटर. कॅमेऱ्याचे स्वतःचे शटर आधीपासून उघडे ठेवायचे, पुढचे हे बंद. किरण तुटला की हे पाच-सहा मिलिसेकंदांत उघडते, म्हणजे भुंगा फार तर बोटाच्या रुंदीएवढा सरकलेला. त्याची किंमत ऐकून आई म्हणाली, "पुता, एवढ्यात सगळे वासे नवे झाले असते." हिशेब मी मनातल्या मनात केला. झाले असते.

पण एवढ्यानेही भागत नाही. भुंगा किरण कुठेही तोडतो, आणि एवढ्या जवळून फोटो घेताना फोकस असतो चार-पाच मिलिमीटरचा. म्हणून दोन किरण एकमेकांना छेदतील असे लावायचे. दोन्ही एकदम तुटले तरच कॅमेरा वाजणार. छेदबिंदू डोळ्यांना दिसत नाही. उदबत्तीची काडी धरून, स्टुलावर उभे राहून, ती हवेत इकडेतिकडे फिरवत तो शोधावा लागतो. शेजारच्या काकींनी कुंपणावरून हे पाहिले आणि आईला हळूच विचारले, "कुठल्या देवाला?"

उरला फ्लॅश. मधमाशी सेकंदाला सुमारे 230 वेळा पंख हलवते. भुंग्याचे मोजायला मी गेलो नाही, पण अशा पंखांपुढे सेकंदाचा हजारावा भागसुद्धा ऐसपैस होतो. फ्लॅशची ताकद अगदी कमी केली, की तो चमकतोही अगदी थोडा वेळ, सेकंदाचा साधारण वीस हजारावा भाग. सगळे जमले. तरी त्या आठवड्यात दोन्ही किरण अचूक छेदबिंदूवर कोणी तोडले? पालीने, मांजराच्या शेपटीने आणि जळमटे काढणाऱ्या आईच्या झाडूने. झाडूची काडी न् काडी मोजून घ्या.

गेल्या मंगळवारी भुंगा सापडला. चारही पंख वेगळे, पायांवरचे केस उभे, पाठीवर परागांची पिवळी धूळ. मी लॅपटॉप घेऊन धावत स्वयंपाकघरात गेलो. आई खोबरे किसत होती. हात पुसून तिने चष्मा लावला.

"ह्यो?"

"ही. लाकूड पोखरून घरटे करायचे काम मादीचे. आत खोल्या करते, प्रत्येक खोलीत पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एकेक अंडे घालते आणि दार लिंपते."

"आणि तो?"

"तो बाहेर घिरट्या घालतो. नर डंख मारू शकत नाही."

आईने एकदा फोटोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा खोबरे किसायला घेतले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर सोप्यावरचे दोन्ही स्टँड, फ्लॅश, वायरी सगळे दोरीने बांधून कोपऱ्यात ठेवलेले. "बाळंतिणीच्या दारात कसले दिवे मारतोस?" एवढेच ऐकू आले. मातीचा गोळा कुठे दिसला नाही. तिसऱ्या वाशाखाली कालचे वर्तमानपत्र पसरलेले होते, भुसा पडायला.