शिक्का कुठाय?

बेळगावात आमच्या गल्लीत सध्या माझी ओळख 'पत्तेवाला' अशी आहे. आईनं तर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बँकेत नोकरी, डोक्यावर घराचं कर्ज, वय एकेचाळीस, आणि हा रात्री बारा वाजता दार लावून पत्ते कापतोय! आता 'कापतोय' हे खरंच होतं. फक्त मी ते ब्लेडनं कापत होतो, आणि आईच्या डोळ्यांपुढं अंदर-बाहरचा डाव होता.

याचं मूळ लाईट जाण्यात. ताईचं सासर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. जुलैत तिकडं पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. झाड आडवं झालं की तार तुटते, तार तुटली की दोन दोन दिवस अंधार. आणि त्या अंधारात माझा भाचा ओंकार, वय सोळा, बंद लॅपटॉपकडं बघत सुतकात बसल्यासारखा बसतो.

तो खेळतो विचर 3. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 2015 सालचा व्हिडिओ गेम. गोष्ट अशी की पांढऱ्या केसांचा गेराल्ट, पाठीवर दोन तलवारी, हरवलेल्या मानसकन्येला शोधायला निघालाय. जगावर संकट कोसळतंय. आणि हा वाटेत भेटेल त्या खानावळवाल्याबरोबर, लोहाराबरोबर 'ग्वेंट' नावाचे पत्ते खेळत बसतो. लोकांना हे विचित्र वाटतं म्हणे. मला नाही वाटलं. आमचे एक चुलते पुतणीला स्थळ बघायला म्हणून गडहिंग्लजला गेले, ते तिसऱ्या दिवशी रमीत घड्याळ हरून परत आले. स्थळाचं काय झालं ते अजून कुणी विचारलेलं नाही.

"मामा, एवढे पत्ते कागदावर कर की," ओंकार म्हणाला.

"त्यात काय!" मी म्हणालो.

अधिकृत छापील पत्ते निघालेत, नाही असं नाही. 2015 मध्येच 'हार्ट्स ऑफ स्टोन' या जोडभागाच्या पेटीतून दोन संच दिले होते. खरं ते शोधून, परदेशातून मागवून हातात येईपर्यंत पाऊस संपून सुगी आली असती. शिवाय मला सगळं रीतसर करायचं होतं. बँकेतला माणूस. चहाच्या पैशाची पावती मागणारा. म्हणून आधी कोर्टाच्या आवारात वकील मित्राला गाठलं.

"खेळाच्या नियमांवर कुणाची मालकी नसते मर्दा," तो म्हणाला. "कल्पनेला कॉपीराइट नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स, सुप्रीम कोर्ट, 1978. तीन रांगा, दहा पत्ते, जिंकायचं कसं, हे सगळं उचल, कोण काय म्हणत नाही. खरं चित्रं आणि पत्त्यावरचा मजकूर कंपनीचा."

"मग चित्रं घ्यायचीच नाहीत?"

"घरी खेळायला घे की. 1957 चा कायदा, कलम 52. खाजगी वापरासाठी फेअर डीलिंग, म्हणजे रास्त वापर, चालतं. शिवाय ती कंपनीच चाहत्यांना मुभा देते. धंदा करायचा नाही, आणि हे आमचं अधिकृत नव्हे असं स्पष्ट लिहायचं. विकलंस की मात्र कलम 63. सहा महिने ते तीन वर्षं, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड."

इथं थांबला असता तर मी शांत झोपलो असतो. पण वकिलाला ऐकणारा मिळाला की तो थांबत नाही. म्हणाला, "त्यात आपण कर्नाटकात. हिकडं गुंडा कायदा आहे, 1985 चा. 2014 ला त्यात डिजिटल गुन्हेगारही घातलेत. धंद्यासाठी कॉपीराइट मोडणारा आणि दारू गाळणारा एका ओळीत. जुगारवाला पण त्यातच आहे म्हणा. तू पत्त्याचा धंदा केलास तर दोन्हीकडनं बसतोस."

खरं तर सीमाभागातला माणूस कायद्याला घाबरत नाही, तारखेला घाबरतो. आमचा मूळ सीमेचा दावाच 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्या मागं माझ्या पत्त्यांचा नंबर लागला तर निकाल ओंकारच्या नातवंडांनी ऐकायचा. म्हणून ठरवलं, एकच संच काढायचा, एक पैसा घ्यायचा नाही.

हेच छापखान्यात सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

खडेबाजाराच्या आतल्या गल्लीतला छापखाना. भिंतीवर लग्नपत्रिका, अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड, गणपती दोन्हीकडं सारखाच. मालकानं पेन ड्राइव्ह लावला. "किती काढायचे सर?"

"एक संच. चार शीट."

त्यानं मशीनवरच्या पोराकडं बघितलं. "ओंदे अंते," म्हणाला. एकच म्हणे. मला कन्नड कळतं हे त्याला ठाऊक नसावं, नाहीतर अजून दोन शब्द गिळले असते. मग माझ्याकडं वळून, "परवडत नाही सर. हजार काढूया. एक तुम्ही ठेवा, उरलेले आपण विकूया."

"विकायचेच नाहीत."

"मग छापूलालाय कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तेवढ्यात त्यानं गेराल्टचं चित्र मोठं करून बघितलं. "हे सिरियलमधलं काय सर? आमच्याकडं एकानं असंच दुसऱ्याचं चित्र आणून छापून घेतलं. नोटीस आम्हाला आली. परवानगी आहे?"

मी याचीच वाट बघत होतो. कंपनीच्या नियमावलीची तीन पानी छापील प्रत ऐटीत पुढं केली. त्यानं पहिलं पान बघितलं, तिसरं बघितलं, मग पालथं करून मागची कोरी बाजू बघितली, आणि शेवटी ट्यूबलाईटकडं धरून बघितलं.

"शिक्का कुठाय?"

"अहो, ही सगळ्यांनाच दिलेली परवानगी आहे. वेबसाइटवर आहे."

"सगळ्यांना दिलेली ती आपली कशी सर? तुमचं नाव पाहिजे, सही पाहिजे, शिक्का पाहिजे."

मी वॉर्सामधनं शिक्का कसा आणणार? तर म्हणाला, निदान नोटरी तरी करून आणा. म्हणून परत कोर्टाचं आवार. स्टॅम्प पेपरवर मी प्रतिज्ञेवर लिहून दिलं की सदर पत्ते मी विकणार नाही, भाड्यानं देणार नाही, पैसे लावून खेळणार नाही. टायपिस्टनं स्वतःच्या अकलेनं पुढं 'व त्यापासून कोणासही उपद्रव होऊ देणार नाही' असंही घातलं. कुत्रं पाळायच्या अर्जातला मजकूर असावा तो. तांबडा शिक्का बसला. तो कागद बघून छापखानेवाल्याचा चेहरा उजळला. माझ्याच शब्दावर मीच शिक्का मारून आणलेला, कंपनीचा त्यात कुठं संबंध नाही. खरं कागद शिक्क्याचा होता.

शीट निघाली. बारा बाय अठरा इंची, तीनशे जीएसएमचं जाड आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन, एका शीटवर अठरा पत्ते. दोघांचे मिळून बहात्तर. पत्ते कापून मागितले तर म्हणाला, "चार शीटसाठी कटिंग मशीन लावत नाही सर."

म्हणून ते रात्रीचं ब्लेड. खाली आईचा पोळपाट उलटा घालून, स्टीलची पट्टी दाबून, एकेक रेघ तीनदा ओढायची. पहिल्यांदा लॅमिनेशन कापतं, दुसऱ्यांदा कागद, तिसऱ्यांदा अंगठा. मग कोपरे. चौकोनी कोपरा पिसताना दुमडतो, गोल करावा लागतो. गोल करायचं हत्यार माझ्याकडं एकच, नेलकटर. बहात्तर पत्त्यांचे कोपरे दोनशे अठ्ठ्याऐंशी. कट, कट, कट. रात्रीची नखं कापलेली आईला चालत नाहीत, हा तिच्या अबोल्याचा दुसरा मुद्दा.

चौथ्या रात्री काम संपलं. ओंकारनं पत्ते पिसले, माझ्या हातात दहा दिले, आणि माझ्या पत्त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाला, "मामा, उजवीकडनं तिसरा फितुराचा पत्ता आहे न्हवं?"

होता. छापताना पाठपोट दोन मिलिमीटर सरकलेलं. काही पत्त्यांच्या पाठीवर डावीकडं पांढरी कड, काहींच्या उजवीकडं, फितुराच्या तर वरसुद्धा. चार रात्री जागून मी खुणेचे पत्ते तयार केले होते. जुगारात यासाठी हातपाय मोडतात.

उपाय ओंकारनंच सांगितला. पत्ता पारदर्शक पिशवीत घालायचा, त्याच्या मागं साधा जुना पत्ता घालायचा, म्हणजे सगळ्यांची पाठ एकसारखी. आता एकाच छापाचे बहात्तर जुने पत्ते कुठं मिळणार? गणपतीच्या मंडळात! जागरणाला आणलेले जोड वर्षभर मंडळाच्या कपाटात पडून असतात. दोन जोड जोकरासकट मागून घेतले आणि बगलेत मारून भर दुपारी गल्लीतनं चालत आलो. समोरच्या काकूंनी दारातनं बघितलं. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी आईला समोर बसवून नोटरीचा कागद वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "एवढं लिहून द्यायला लागलं म्हणजे काहीतरी असणारच." मग एक पत्ता हातात घेऊन त्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "आमच्या सावंतवाडीत गंजिफा असते. दशावतारी. एकशे वीस पत्ते, लाखेचा रंग, हातानं काढलेली चित्रं. आता 2024 ला तिला ते जीआय मानांकन का काय मिळालं. खरं पत्ते गोल असतात हो." थोडं थांबून म्हणाली, "कोपरे कापायची भानगडच नाही."

मी नेलकटर खिशात घातलं.

शनिवारी सगळे ताईकडं गेलो. पाऊस होता, लाईट नव्हती, म्हणजे सगळं जमून आलेलं. दाजींनी खोक्यावरची 'अनधिकृत, चाहत्यांनी केलेलं, विक्रीसाठी नाही' ही ओळ वाचली आणि म्हणाले, "पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, नाहीतर उद्या काढायला लावतील." कंदिलाच्या उजेडात आईला खेळ समजावला. पुढची रांग तलवारवाल्यांची, मधली बाणवाल्यांची, मागची किल्ला फोडणाऱ्यांची. दहा पत्ते मिळतात, सुरुवातीला त्यातले दोन बदलता येतात, आणि तेवढ्यावर तीन फेऱ्या काढायच्या. दोन जिंकल्या की डाव तुमचा. धुकं पडलं की बाणवाले निकामी, एकेक गुण उरतो. (बाहेर बघून हे तिला लगेच पटलं.) फितूर मात्र समजावताना मला घाम फुटला. तो समोरच्याच्या बाजूला टाकायचा, गुण त्याचे वाढतात, आणि आपल्याला दोन पत्ते मिळतात.

"म्हणजे लेक दिली, आणि दिवाळीला तिच्यासंगं जावईपण जेवायला आले," आई म्हणाली. दाजींनी कंदिलाची वात उगाचच वर केली.

बरोबरी झाली तर निल्फगार्डचं साम्राज्य जिंकतं, असा त्या पक्षाचा खास नियम. ओंकारनं तो सांगितल्यावर दाजी म्हणाले, "हे ओळखीचं आहे," आणि कुणी पुढं काही बोललं नाही.

आईनं पहिली फेरी मुद्दाम सोडली. दोन फितूर टाकून, हातात आठ पत्ते राखून 'पास' म्हणाली. ओंकारनं मात्र तेवढ्यात सात उधळले होते. उरलेल्या दोन फेऱ्यांत तिनं त्याला असं धुतलं की पोरगं कंदिलाकडं बघत राहिलं. गंजिफाच्या बारा पत्त्यांच्या दहा रांगा लक्षात ठेवणाऱ्यांच्या घरातली बाई ती. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेजारचे आजोबा कधी येऊन खांबाला टेकले होते कळलं नाही. डाव संपल्यावर म्हणाले, "आमच्या पोरास्नी पण एक कर की. काय असंल ते पैसे सांग."

"पैसे नकोत!" मी असा ओरडलो की गोठ्यातली म्हैस उठली.

आजोबांना वाईट वाटलं. काही न बोलता, खोळ पांघरून चिखलातनं घरी गेले, आणि दहा मिनिटांत परत येऊन अर्धं पोतं तांदूळ पडवीत टेकवलं. घरचं, वास येणारं.

मी रेंज मिळेल त्या कोपऱ्यात, म्हणजे न्हाणीच्या पत्र्याखाली, जाऊन वकिलाला फोन लावला. रात्रीचे दहा वाजले होते. "अरे, पैसे घेतले नाहीत, खरं तांदूळ घेतले तर तो धंदा होतो काय?"

बराच वेळ फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

"कुठला तांदूळ?"

"घरचा. बासमती."

"किती?"

"अर्धं पोतं."

"हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे," तो म्हणाला. "मला तांदूळ बघायला लागतंय."