युनियनला शिव्या, चेंबरला हारतुरे

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रुपवर जुनंच भांडण नव्याने पेटलं. एक बाजू म्हणते, युनियनवाल्यांनी गिरण्या बुडवल्या, आता चाकण बुडवतील. दुसरी म्हणते, कामगार मालकांना विकला. करारावर सही करणारा कोणाच्या वतीने सही करतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

जर्मनीत बसून हे वाचताना चीड येते ती मालक-संघटना नामानिराळ्या राहतात याची. इथे झूडवेस्टमेटाल या मालक-संघटनेने इगे मेटाल या युनियनशी टारिफवर (सामूहिक करारावर) सही केली की त्या मालक-संघटनेच्या टारिफवाल्या सगळ्या सभासद कंपन्या बांधल्या जातात. रागावून संघटना सोडली तरी चालू करार संपेपर्यंत पाळावाच लागतो. मागचा पगारकरार सगळ्यांचा एकाच दिवशी, ३० सप्टेंबर २०२४ला संपला. संपबंदी २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्री उठली, २९ला वार्नश्ट्राइक (इशारा-संप) आणि १२ नोव्हेंबरला तोडगा: एप्रिल २०२५पासून २ टक्के वाढ, एप्रिल २०२६पासून आणखी ३.१. आपल्याकडे मंत्र्याला निवेदन द्यायला मालकांचं चेंबर एकत्र, वेतन कराराला मात्र ज्याचा तो. शेजारशेजारच्या दोन कारखान्यांचे करार वेगवेगळ्या महिन्यांत संपतात आणि प्रत्येक गेटवर वेगळी लढाई होते. ‘युनियनची कटकट’ म्हणतात तिच्यातली निम्मी इथूनच येते.

गिरण्यांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. तिथे मालक एकत्र होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एखाद्या भागातल्या उद्योगात २५ टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला बोलणी करण्याचा मक्ता मिळे. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांमागे संपावर गेले, तरी मालक कायद्याकडे बोट दाखवून संघाशीच बोलत राहिले. सही करायला संघ होता, त्याच्यामागे कामगार नव्हते.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्केवाली बोलणी करणार. तेवढे कोणाकडेच नसले तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून परिषद. सुधारणा आहे, मान्य. पण मोजायचे ते कंपनीच्या मस्टरवरचे, आणि ठेकेदाराची पोरं ठेकेदाराच्या मस्टरवर. लाइनवरच्या शंभरांतले साठ ठेकेदाराचे असतील तर उरलेल्या चाळिसांतले एकवीस पुरतात. शंभरांच्या पाळ्या, बस, कँटीन त्या एकविसांच्या जोरावर ठरणार! इथे एजन्सीचा माणूस तीन महिन्यांहून जास्त काळासाठी आला असेल तर बेट्रीब्सराटच्या (कारखान्यातल्या निवडून आलेल्या कामगार-मंडळाच्या) निवडणुकीत मत देतो. बेट्रीब्सराटला संप करता येत नाही, पण त्याच्या होकाराशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही.

आमच्यासारख्या परक्या पासपोर्टवाल्यांना बुंडेस्टागला (इथल्या संसदेला) मत नाही, बेट्रीब्सराटला आहे. या देशात आपली मोजदाद होते ती एवढीच, आणि कदाचित म्हणूनच ही व्यवस्था आम्हाला जरा जास्त गोड लागते. सगळं सोनं इथेही नाही. ‘ओटी’ म्हणजे टारिफविना सभासदत्व घेऊन मालक-संघटनेचे वकील वापरायचे आणि टारिफ टाळायचा, ही सोय राजरोस आहे. टारिफखाली येतात ते जेमतेम निम्मे नोकरदार.

आणि जर्मनांकडूनच शिकायला हवं असंही नाही. आपला १९६९चा माथाडी कायदा पाहा. मंडळावर मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सरकारचेही. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) मंडळात भरायची, त्यातून फंड, बोनस, रजा. हमाल या गाळ्यावरून त्या गाळ्यावर गेला तरी त्याचं खातं मंडळातच. ठेकेदाराच्या पोरांसाठी याहून जवळचा नमुना कुठे मिळणार? पण माथाडी म्हटलं की चेंबरवाल्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: खंडणी. बोगस टोळ्या गेटवर येऊन पैसे उकळतात हे खरंच आहे. त्यांच्यावर पोलिसांत गुन्हे दाखल करा. लेव्ही कशाला बुडवता?