नदीत मासे मेल्यास नागरिकांनी घ्यावयाची काळजी

गेल्या आठवड्यात पहाटे फिरायला गेलो आणि एक चूक केली. नदीकडे बघितलं. पुण्यात राहायचं तर पुलावर काच वर करायची आणि सिग्नलकडे बघायचं, हा साधा नियम मी मोडला. मुळा-मुठेच्या काठाला चिलापी पांढरी पोटं वर करून पडले होते, तळहाताएवढे. काही अजून जिवंत होते, पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. एक जलपर्णीच्या मुळांत अडकला होता, त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. पलीकडे दोन पोरं बादली भरत होती. "कशाला रे?" म्हटलं, तर उत्तर आलं, "विकायला. ताजे आहेत, काका."

असा प्रसंग तुमच्यावर आला तर गडबडून जाऊ नये, म्हणून या सूचना.

सर्वांत आधी नाक दाबा आणि चालायला लागा.

फोटो काढलाच असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. दहा मिनिटांत कारण मिळेल. आम्हाला चार मिळाली: भूकंपाची चाहूल, मोबाइल टॉवर, ग्रहण, आणि "आमच्या रत्नागिरीला किनाऱ्यावर नेहमी येतात हो, निसर्गच आहे तो."

हे शेवटचं मात्र जपून ठेवा, फार उपयोगी आहे. समुद्रावर ढकलायला शिका. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातलं खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याशी वर चढतं. शेवाळ माजतं, मग कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं. हे सगळं खरं आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं मोजलंय. खरं कारण असं हाताशी असलं की खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. २०१६ साली व्हिएतनामच्या साधारण दोनशे किलोमीटर किनाऱ्यावर मासळी मेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनीही आधी शेवाळाचं नाव घेऊन पाहिलं. पुढे निघालं पोलादाच्या कारखान्याचं सांडपाणी, आणि भरपाई ठरली ५० कोटी डॉलर. २०२२ मध्ये पोलंड-जर्मनीच्या ओडर नदीत तर खरोखरच विषारी शेवाळ सापडलं, पण ते खाऱ्या पाण्यात वाढणारं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत नदी खारट झाली होती, खाणींचं पाणी पिऊन. तेव्हा शेवाळाला खुशाल शिव्या द्या, त्याला जेवू कोण घालतं तेवढं विचारू नका.

मुठेला समुद्र नाही, ही आपली अडचण. आपण 'हवामान बदल' म्हणावं.

तक्रार जरूर करा, पण कामाला सुट्टी टाकून. मी तीन ठिकाणी फोन केले. नदी एकाची, पाणी दुसऱ्याचं, काठ तिसऱ्याचा. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' सोबत पुरावा म्हणून झाडलेल्या फुटपाथचा फोटो.

आता नमुन्याचं. नमुना घेतला जाईल याची खात्री बाळगा, फक्त वेळेचा आग्रह धरू नका. आमच्याकडे माणसं चौथ्या दिवशी आली, दुपारी दोन वाजता. काय मुहूर्त काढलाय! शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू तयार करतं, म्हणून दुपारी पाण्यात तो भरपूर असतो. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं आणि उजाडायच्या आधी पाणी रिकामं होतं. मासे मरतात ते पहाटे. त्यात उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यावर मैलापाणी सोडलं की जिवाणूंची पंगत बसते आणि माशांना काही उरत नाही. माशांसाठी लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष. दुपारी दोनला तो मिळतोही, आणि कागदावर नदी ठणठणीत. बरं, नमुना घेतला कशात? पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, तीही अर्धी. अहो, प्राणवायूसाठीची बाटली काठोकाठ भरतात, आत एक बुडबुडा राहू देत नाहीत, आणि तिथल्या तिथे मोजतात किंवा रसायन घालून ठेवतात. ही बाटली स्कूटरच्या डिकीत गेली. मेलेले मासे विचाराल तर ते दुसऱ्याच दिवशी ट्रकमधून गेले होते. म्हणजे कल्ले बघायला नकोत, पोट फाडायला नको. प्राणवायू संपला तर मोठे मासे आधी जातात आणि बाकीचे वर येऊन तोंड उघडतात. विष असेल तर लहानमोठे सगळे एकदम आणि कुठल्याही वेळी जातात, बरोबर खेकडे-बेडूकही. काठावर अर्धा तास उभं राहिलं असतं तरी अंदाज आला असता! आणि मेला कोण, तर चिलापी. घाण पाण्यात, कमी हवेत, कुठेही तग धरणारा मासा. बाकीच्यांनी कधीच गाशा गुंडाळला. जो कशानेच मरत नाही तो मेला, आणि अहवालात काय? 'निश्चित कारण आढळून आले नाही.'

पहिल्या पावसाची वाट बघा. गटारात वर्षभर साठलेलं एका रात्रीत नदीत उतरतं आणि दोष पावसाला देता येतो.

२०१६ मध्ये मंजूर झालेल्या ९९० कोटींच्या नदी शुद्धीकरणाचं आणि त्यातल्या ११ मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांचं काय झालं, असं विचारून कोणाचा मूड घालवू नका.

कारण आढळलं नाही म्हणे! शोधायला होतं कोण? पहाटे पाचला एक माणूस, प्राणवायू मोजायचा एक मीटर, बर्फाची एक पेटी आणि चार मासे, एवढंच लागतं. लाज वाटायला हवी.

आणि तुम्ही काय हसताय? पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी भिरकावता ती तुम्हीच, जाळी लावली तर जाळीवरून. आपल्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, वीजबिल वाढतं म्हणून बंद ठेवायचा ठराव आठवतोय? एकमताने झाला होता. मीही होतो तिथे, हात वर करून. तेव्हापासून आपलं सगळं पाणी रात्री कुठे जातं, ते वॉचमनलाही माहीत आहे. रविवारी मीटिंग आहे. एसटीपीचा पंप सुरू करायचा विषय मी मांडणार आहे. वर्गणीचा आकडा ऐकून कोणी फोन आल्याचं नाटक करून बाहेर जायचं नाही.