पन्हाळा बघायला चाललाय? मग एवढं कराच

गडाच्या वाटेला लागलं की पहिलं काम म्हणजे गाडीतला साऊंड फुल्ल करा. पायथ्याच्या नेबापूरला कळायला नको, आपण इतिहास बघायला आलोय ते? त्याच नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश करून पालखीत बसला आणि गडाला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरच्या छावणीत जीव देऊन मोकळा झाला, पण हे माहीत असायची काही गरज नाही. त्याचा पुतळा आहे गडावर, त्याच्यापुढं टेकून एक फोटो काढला की झालं.

बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ "पावनखिंड कुठल्या पॉइंटला हाय?" असं मोठ्यानं विचारा. 1660 च्या जुलैत भर पावसात, चिखल तुडवत महाराज आणि त्यांची माणसं रातोरात विशाळगडाकडं गेली, म्हणजे खिंड इथंच पार्किंगच्या मागं कुठंतरी असणार की!

अंधारबावीत शिट्टी मारा, लै घुमते. तीन मजली बांधकाम, खाली पाणी, मधल्या मजल्यातनं तटाबाहेर पडायची चोरवाट, हे असलं बघत बसलात तर रील कधी काढणार?

तीन दरवाजावरचा फारसी शिलालेख सेल्फीत आला तर क्रॉप करा.

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेलात तर स्वर्गमंडपात वर्तुळाखाली आडवं पडून फोटो काढा आणि निघा, भोवतीचे 48 खांब कोण बघतंय. कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियमकडं तर फिरकूच नका, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन बघून "हा ग्रीक देव कोल्हापुरात काय करायला आलता?" असा प्रश्न पडला तर उगंच डोक्याला ताप.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव कोरायला विसरू नका. त्यासाठी अंबरखान्यासारखी जागा नाही. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची कोठारं, त्यातली गंगा सगळ्यात मोठी, भिंती जाड, आत गारवा, अंधार, कुणी बघत नाही. गाडीची किल्ली घ्यायची, बदाम काढायचा, आत दोन अक्षरं. परवाच्या रविवारी असंच एक कलाकार काम करत होतं. कपाळावर चंद्रकोर, टी-शर्टवर महाराज, बाहेर उभ्या बुलेटला भगवा. मी म्हटलं, "भावा, काय चाललंय हे?" तर मान न वळवता म्हणतो, "तुमच्या घरची भिंत हाय व्हय?" सोबतचे चौघे हसले. एकजण तर शूटिंगच करत होता, माझं. आणि पोरगी बाजूला उभी राहून बदाम नीट आलाय का बघत होती. अरे, सिद्दी जौहरनं चार महिने वेढा टाकला तेव्हा गडावरची माणसं कशावर तगली? असल्या कोठारातल्या दाण्यावरच ना? बाहेर हजारोंची फौज आणि आत दाणा मोजून काढायचा, आणि तू त्या भिंतीवर पिंकीचं नाव कोरतोस? बरं, कोरून झाल्यावर हात झटकले आणि बाहेर येऊन "जय भवानी, जय शिवाजी"! तेही इतक्या जोरात की कणसंवाल्या मावशीपण दचकल्या.

आणि 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, त्यात आपला पन्हाळा आला, तेव्हा स्टेटस ठेवायला हेच सगळ्यांत पुढं. अभिमान म्हणे. पाण्याची बाटली तटावरनं खाली भिरकावताना कुठं जातो रे हा अभिमान? कोंडाजी फर्जंदानं 1673 ला साठेक माणसं घेऊन हा गड परत घेतला, ते तुम्ही येऊन वेफर्सचे पुडे टाकावेत म्हणून?

बास झालं उपरोधाचं. तुम्हाला असलं काही कळत नाही, म्हणून सरळ सांगतो. दगडाला किल्ली लावायची नाही. तटावर चढून नाचायचं नाही. दारू पिऊन गडावर यायचं नाही. कुणी हटकलं तर उर्मट बोलायचं नाही, सॉरी म्हणायचं आणि थांबायचं. आणि तो पुडा टाकलायस ना आत्ता, तो उचल आधी, मग दे घोषणा.