‘बायकांना घाबरवणं थांबवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमध्ये तुमचं बाळंतपण पाण्यात झालं, सुखरूप झालं. बाळ नऊ महिने पाण्यातच असतं, मग पाण्यात जन्मलं तर बिघडलं कुठे? आम्हा डॉक्टरांना सिझेरियनच हवं असतं. आणि आता तुमच्या बहिणीला पुण्यात घरीच, भाड्याचा टब आणून तसंच करायचंय, तर पाण्यातल्या बाळंतपणावरचा माझा लेख वाचून घरचे हबकलेत.

सिझेरियनचं आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतलं प्रमाण 47.4 टक्के निघालं. तुमचा राग रास्तच आहे. पण पाण्यात कळा दिल्यानं सिझेरियन टळतं, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. कळा सुसह्य होतात, पाठीतल्या इंजेक्शनची गरज थोडी कमी पडते, एवढं दिसलंय. तेही कमी नाही. म्हणूनच कळांच्या वेळी टबात बसायला माझा विरोध नाही, हे मूळ लेखातही लिहिलंय.

वाद आहे तो बाळ पाण्यात बाहेर येण्याचा. धडधाकट बाळ पाण्याखाली सहसा श्वास घेत नाही, कारण नाळेतून प्राणवायू येत असतो आणि तोंडाला गार हवा लागलेली नसते. पण कळांमध्ये आधीच गुदमरलेलं बाळ आचका देतं, आणि तो आचका पाण्याखाली बसला तर टबातलं पाणी फुप्फुसात जातं. पोटातलं पाणी आणि टबातलं पाणी एक नव्हे. टबातल्या पाण्यात आईची शीसुद्धा असते. (बाळंतपणात ती होतेच, लाजण्यासारखं काही नाही.)

इंग्लंडचा आकडा तुमच्या बाजूचा आहे, तो मीच सांगते. 2024 साली तिथल्या 26 सरकारी आरोग्यसंस्थांमधल्या, टब वापरलेल्या 60 हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला. बाळ पाण्यात जन्मलं म्हणून आईला मोठी फाट किंवा बाळाला गंभीर त्रास जास्त झाला, असं आढळलं नाही. नाळ तुटण्याचं प्रमाण मात्र पाण्यात जास्त, साधारण शंभरात एक. बाळाला झटकन वर छातीशी घेताना आखूड नाळेला ताण बसतो आणि ती तुटते. मिडवाइफनं (प्रशिक्षित सुईणीनं) तत्काळ चिमटा लावला तर निभावतं. नजर हुकली तर बाळाचं रक्त टबात जात राहतं, आणि लाल पाण्यात ते कुणाला उमगत नाही. आणि हे आकडे जोखीम नसलेल्या बायकांचे आहेत. शेजारी प्रशिक्षित मिडवाइफ, पाण्यात चालणारा डॉपलर (बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र) आणि ठोके बिघडले की आईला लगेच बाहेर काढण्याची शिस्त, हे सगळं त्या आकड्यांत धरलेलंय. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं तर 2016 मध्ये सल्ला दिला की कळा पाण्यात चालतील, जन्म मात्र बाहेरच व्हावा. माझंही मत तेच.

आता पुण्यातला भाड्याचा टब. त्यात पाणी कुठलं भरणार? सोसायटीच्या टाकीतलं, उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं, आणि तेही कळा येण्याआधीच तापवून ठेवलेलं? लीजिओनेला नावाचा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात पोसला जातो आणि न्यूमोनिया करतो. टेक्सासमध्ये 2014 साली विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या टबात जन्मलेलं बाळ त्यानंच दगावलं. ॲरिझोनात 2016 मध्ये पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना तोच संसर्ग झाला. त्याच 2014 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यानंही, घरी आधीपासून भरून तापवत ठेवलेले टब वापरू नका, असं बजावलं होतं. तुमच्या इंग्लंडनंच.

दुसरं म्हणजे रक्त. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांत पंडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आढळला. वार पडल्यावर अंगावरून किती गेलं हे पाण्यात नीट मोजता येत नाही, आणि हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला उशिरा कळणं परवडत नाही.

बहिणीला टब हवाच असेल, तर जिथे लेबर रूममध्येच टब आहे आणि ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर आहे, अशा ठिकाणी जाऊन विचारा: पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, दोन बायकांमध्ये टब कशानं धुता, रात्री दोनला बाळाचे ठोके कोण ऐकतं? रक्तदाब वाढलेला असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल, दिवस पूर्ण भरले नसतील किंवा बाळानं आत शी केली असेल, तर टब विसरा. घरी तर नकोच.

तिचं हिमोग्लोबिन किती आहे आणि कितवा आठवडा चालू आहे, ते कळवा.