त्वचेचा पहिला टाका कुठे घातला?

"ओठाला रक्तपुरवठा भरपूर, जखम पटकन भरते" हे फाटलेल्या ओठावरच्या लेखातलं वाक्य खरं आहे. पण म्हणून "जवळच्या दवाखान्यात चार टाके घातले की झालं" हे अजिबात पटलं नाही. माझा पुतण्या सायकलच्या हँडलवर आपटला, वरचा ओठ आरपार फाटला. रात्रीचे ११ वाजलेले, जो दवाखाना उघडा दिसला तिथेच टाके घातले. जखम भरली छान; पण ओठाची लाल कड त्वचेला मिळते ती रेघ जुळलीच नाही. जेमतेम १ मिलिमीटरची पायरी, तरी समोरच्याची नजर नेमकी तिथेच!

पुढे ती दुरुस्त करणाऱ्या प्लास्टिक सर्जननी जे सांगितलं ते लेखात हवं होतं. भुलीचं इंजेक्शन थेट ओठात दिलं की ओठ फुगतो, रेघ हरवते. म्हणून आधी पेनाने खूण करायची, नाहीतर भूल ओठापासून लांब, ओठाच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूपाशी द्यायची. त्वचेचा पहिला टाका त्या रेघेवर. आतला स्नायू वेगळा शिवायचा, नाहीतर ओठांचा चंबू केला की खळगा पडतो. (आमच्या पोराने आरशासमोर शिट्टी वाजवूनच खात्री केली.) आणि दात तुटला असेल तर त्याचा तुकडा ओठात रुतलाय का, हे टाके घालण्याआधीच बघायला नको?