बारा क्लास की सात?

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षांना एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून माझे अधूनमधून जाणे होते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनची (‘क्लास’ नावाचे साचे आणि त्यांतून घडणारे ‘ऑब्जेक्ट’ यांतून प्रोग्रॅम रचण्याच्या पद्धतीची) ओरल घेताना एक गोष्ट दर वेळी खटकते. एनकॅप्सुलेशन (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधून आत झाकणे), इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा काढणे) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपापल्या परीने ओ देणे) यांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात, ‘ॲनिमल’पासून ‘डॉग’ आणि ‘कॅट’ कसे निघतात हेही ती न अडखळता सांगतात, पण उद्या गरज बदलली तर तुमच्या आराखड्यातले काय काय मोडेल, असे विचारले की सगळी गप्प होतात. याचा दोष मी मुलांना देत नाही. प्रोग्रॅम एकदा चालला, जर्नलमध्ये लागला आणि त्यावर सही झाली की तो पुन्हा उघडावाच लागत नसेल, तर आपले डिझाइन बरे की वाईट हे त्यांना कळणार तरी कधी? मी स्वतः ब्लॅकबुकमधली, म्हणजे प्रकल्प अहवालातली, क्लासची आकृती (क्लास डायग्राम) सबमिशनच्या आदल्या रात्री, तयार कोडवरून उलटी काढली होती आणि तिला गुणही चांगले मिळाले होते.

परवा एका मुलीने लोकलच्या तिकिटांचा प्रकल्प आणला होता. दर्जे दोन, फर्स्ट आणि सेकंड. प्रकार चार, एकेरी, परतीचे, मासिक पास आणि त्रैमासिक पास. प्रत्येक जोडीसाठी ‘तिकीट’पासून निघालेला एक, असे तिचे आठ क्लास होते. (फर्स्ट क्लासचा क्लास म्हणताना आम्ही दोघेही हसलो.) मी तिला एवढेच विचारले, की 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, ती तुझ्या आराखड्यात कुठे बसवशील? आणखी चार क्लास, म्हणजे एकूण बारा, असे ती म्हणाली आणि म्हणता म्हणताच थबकली. दर्जा आणि प्रकार हे वेगवेगळे ऑब्जेक्ट ठेवून तिकिटाने ते दोन्ही आपल्याकडे बाळगले असते, तर ‘तिकीट’ सोडून सहा क्लास पुरले असते आणि एसीसाठी सातवा तेवढा वाढला असता. इनहेरिटन्स कुठे वापरू नये, हे तिला त्या पाच मिनिटांत समजले. तेच सत्रभर का समजू नये?

ऑब्जेक्टच्या या विचारपद्धतीचा उगमच मुळी अशा व्यवहारात आहे. ऑस्लोमध्ये डाल आणि नीगार्ड या संशोधकांनी घडवलेली सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा खऱ्या जगातल्या रांगा आणि प्रक्रिया संगणकावर उभ्या करण्यासाठी जन्मली, आणि क्लासची कल्पना तिच्या 1967 च्या आवृत्तीतून पुढे आली. बेक आणि कनिंगहॅम या प्रोग्रॅमरांनी 1989 मध्ये मांडलेल्या सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डांना तर संगणकही लागत नाही: एका कार्डावर क्लासचे नाव, त्याची जबाबदारी आणि त्याचे सहकारी लिहायचे, की झाले.

माझे म्हणणे असे, की सत्राच्या मध्यावर शिक्षकांनी प्रत्येक गटाला एक नवी गरज द्यावी, जुना कोड फेकून न देता ती बसवायला लावावी आणि किती फाइल्सना हात लावावा लागला हे पाहून गुण द्यावेत. वेळ नाही, ही सबब मला पटत नाही. दहा प्रयोगांपैकी दोन गाळले तरी तेवढा वेळ निघतो.

त्या मुलीने निघण्यापूर्वी विचारले, “सर, सेकंडचा पास असलेल्या माणसाने एकाच दिवसापुरता एसीचा फरक भरला, तर ते तिकीट धरायचे की पास?” तिचा पुढचा नंबर लागलेला मित्र दारात ताटकळत होता, आणि माझ्या सात क्लासांत याचे उत्तर नव्हते.